सुईमास्तरची स्कूटर

सुईमास्तरने आजारी बायकोला भर दुपारी चढावर, रस्त्याच्या कडेला बसवलं, तिच्या पर्समध्ये हात घालून हाताला लागलं ते काढून घेतलं, आणि किक मारून जो सुटला तो एकदाही मागे वळून न पाहता दिसेनासा झाला.

ही बातमी आमच्या भागात पहिल्यांदा कुजबुजली गेली तेव्हा एवढीच होती. संध्याकाळपर्यंत तिला हातपाय फुटले. पर्समधून त्याने बायकोच्या बांगड्या काढल्या, असं किराणावाल्याने सांगितलं. इस्त्रीवालीने त्यात वरच्या अंगाला राहणारी एक घटस्फोटित बाई घातली. आणि सलूनमध्ये कुणीतरी म्हणालं की स्कूटरचं इंजिन त्याने वाढवून घेतलं ते त्यासाठीच, एकट्याला भुर्रकन पळता यावं म्हणून. मी तेव्हा सलूनमध्येच होतो, गालाला साबण लावून. त्या 'कुणीतरी'कडे नंतर येऊ.

आधी सुईमास्तर कोण ते सांगतो. हा गृहस्थ शिवणाची मशिनं दुरुस्त करायचा. बाजारात जिन्याखाली त्याचं दुकान; दुकान कसलं, कपाटच. आत एक माणूस आणि एक मशीन मावायचं, दुसरं मशीन आलं तर माणसाने बाहेर बसायचं. पण हात असा की बंद पडलेल्या मशिनाचं चाक एकदा फिरवून, डोळे मिटून सांगायचा, "सुई आणि फिरकी यांच्यात फट पडलीय." मग ती फट तो घालवायचा. पातळ पत्र्याचे कपटे, चिमटीएवढे स्क्रू, आणि एक तेलाची कुपी, तिचं टोक सुईसारखं. फट गेली की मशीन असं चालायचं की शेजारी झोपलेलं तान्हं मूल उठू नये. त्याचा सगळा धर्म एवढाच: दोन धातूंच्या मध्ये केसाएवढीही जागा राहता कामा नये. मशीन खडखडलं तर त्याच्या कपाळाला आठी पडायची, जणू कुणी त्याच्या आईला नावं ठेवली.

आणि त्याची बायको म्हणजे बाई. त्या शिवणाचा क्लास चालवायच्या. अर्ध्या भागातल्या पोरी त्यांच्याकडे शिकलेल्या, म्हणून त्यांना सगळे अहोजाहो करायचे आणि त्याला मात्र अरेतुरे. मीही तेच केलं. त्याला त्याचं काही वाटायचं नाही. किंवा वाटत असेल. मी कधी विचारलं नाही.

स्कूटर बाईंची होती. लहानशी, साठ सीसीची, फिकट निळी, पुढे पाय ठेवायला सपाट जागा. क्लासच्या जोरावर त्यांनी ती घेतली आणि वीस वर्षं स्वतः चालवली. मागे कोण? सुईमास्तर. मांडीवर मशिनाचं डोकं घेऊन, सासरी निघालेल्या नवरीसारखा मान खाली घालून. मी खिडकीतून हाक मारायचो, "काय मास्तर, आज कुठे पोहोचवतायत तुम्हाला?" एवढंच अहोजाहो मी त्याच्याशी कधी केलं असेल. तो हसायचा. बाई हसायच्या नाहीत, त्यांची नजर रस्त्यावर.

मग बाईंची मूत्रपिंडं गेली. 'गेली' म्हणजे डॉक्टरांनी तसंच सांगितलं, बस गेली असं सांगावं तसं. आता आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार तास, मशिनाला जोडून रक्त धुऊन घ्यायचं. ते केंद्र आमच्या चढाच्या माथ्यावर. बाईंना दुपारी दोनची पाळी मिळाली.

चढ दीड किलोमीटरचा. माझं घर त्याच्या दोन तृतीयांशावर, पाण्याच्या टाकीच्या वळणाला. आयुष्यभर घरोघर विजेचे मीटर वाचत हिंडलो, आता निवृत्त होऊन खिडकीत बसतो आणि जे जाईल ते वाचतो. त्या वर्षी चढाच्या संरक्षक भिंतीला भेग पडली. पाहणी झाली, आणि खाली पायथ्याशी रस्त्यात लोखंडी खुंट रोवले गेले. दोन हातांच्या अंतराने. दुचाकी जाईल, माणूस जाईल, बाकी सगळ्यांनी डोंगरामागून वळसा घालायचा. त्या वळशाला सव्वा तास, आणि रस्ता असा की गाडीतलं माणूस पोहोचेपर्यंत ताक होतं. बाई दोनदा तिकडून गेल्या. दोन्ही वेळा पोहोचल्यावर आधी बादली मागवावी लागली, मशीन नंतर. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "मी स्कूटरने जाईन."

"चालवणार कोण?" नवऱ्याने विचारलं.

"तुम्ही."

पंचावन्न वर्षांचा माणूस स्कूटर शिकताना तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय, आणि त्यासाठी मी कामं बाजूला ठेवायचो. पायथ्याजवळच्या मोकळ्या जागेत बाई दगडावर बसून हुकूम सोडायच्या आणि हा गोल गोल फिरायचा. सरळ बरा जायचा. पण बायको दिसतेय का म्हणून मागे वळून पाहिलं की हँडल वळायचं, आणि हा आडवा. नेमाने. एका सकाळी चारदा पडला. "अहो, मागे नका ना पाहू! तोल जातो तुमचा! मी इथेच आहे, कुठे जात नाही!" त्यांचा क्लासातला आवाज तेव्हा अजून शाबूत होता.

शिकला कसाबसा. पण स्कूटरचा जीव केवढा! एका माणसाला ती चढ चढवायची. दोघांना घेऊन अर्ध्यावर यायची आणि धापा टाकायची. सुरुवातीला बाई उतरून थोडं चालायच्या. मग चालणं बंद झालं. दोन पावलांत श्वास संपायचा, कारण जायच्या दिवशी अंगात दोन दिवसांचं पाणी साठलेलं असायचं, तीन-साडेतीन किलो. जाताना वजन एकसष्ट आणि येताना अठ्ठावन्न. म्हणजे स्कूटरला ओझं जास्त कधी? चढताना. उतरताना बाई हलक्या, आणि तेव्हा स्कूटरला काहीच करायचं नसायचं. देवाला असल्या गमती सुचतात.

मग काय व्हायचं, तर बाई बसलेल्या, इंजिन चालू, आणि हा खाली उतरून एका हाताने मूठ पिळत, दुसऱ्याने सीट ढकलत चालायचा. मागून कुणी पाहिलं तर वाटावं, देवीची स्वारी निघालीय. माझ्या वळणाला येईपर्यंत इंजिन तापून बंद पडायचं. मग थांबायचं. कधी दहा मिनिटं, कधी पाऊण तास. लवकर निघावं, असं तुम्ही म्हणाल. निघायचे. एकला, साडेबाराला, बाराला. जितके लवकर निघतील तितका वेळ बाई उन्हात कठड्यावर बसून तोंड उघडं टाकून श्वास शोधायच्या.

कुणी मोटारसायकलवरून नेलं असतं, असंही म्हणाल. उंच सीटवर बाईंचा पाय चढत नव्हता, हे खरं. पण आम्ही विचारलं नाही आणि त्याने मागितलं नाही, हे त्याहून खरं.

दोनच्या पुढे गेलेला वेळ मशिनाच्या वेळेतून कापला जायचा, कारण सहाला पुढचा पेशंट दारात उभा. कधी वीस मिनिटं गेली, कधी चाळीस. डॉक्टर म्हणाले, "दर वेळी वीस मिनिटं म्हणजे आठवड्याला एक तास. हे पाणी आत राहतंय. आज पायांत आहे, उद्या फुप्फुसात असेल." आणि केंद्रातल्या मोठ्या सिस्टर, ज्यांना मी कधी हसताना पाहिलं नाही, त्यांनी नियम सांगितला. पेशंटची उपचाराची वही दोनच्या आत टेबलावर पडली पाहिजे. वही आली की पाळी पक्की, पेशंटला वर अर्धा तास सवलत. वही आली नाही तर पाळी यादीतल्या पुढच्याला.

"यादीत नऊ जण आहेत," सिस्टर म्हणाल्या. "मी डोळेझाक केली तेवढी केली. आता एकदा जरी दोन वाजून गेले, तर दोनची पाळी गेली म्हणून समजा. कायमची."

"मग आम्ही कुठे जायचं?"

"ते मला माहीत असतं तर ही यादी असती का?"

त्या दिवशी उतरताना तो माझ्या खिडकीखाली थांबला. बाई मागे बसूनच झोपल्या होत्या, गाल त्याच्या पाठीला टेकवून. मी नेहमीप्रमाणे तोंड उघडलं, "काय मास्तर, आज..." आणि त्याने वर पाहिलं. मी तोंड मिटलं. अशी वेळ माझ्यावर क्वचित येते.

दुसऱ्या दिवशी तो लेथवाल्याकडे गेला. लेथवाला म्हणजे बाजाराच्या टोकाला गाड्यांचे सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून कोरून, देणारा. आयुष्यभर लेथच्या आवाजात उभा राहून बहिरा झालेला, म्हणून त्याच्याशी झालेलं कुठलंही खाजगी बोलणं तीन दुकानांना ऐकू जातं. मला हे सगळं चपलांच्या दुकानातून कळलं.

"हिला चढाला ओढ पाहिजे," सुईमास्तर म्हणाला.

"काय पाहिजे?"

"ओढ! दोन माणसं! चढ!"

"मग हिला विक आणि दुसरी घे!"

"ती विकू देणार नाही."

"कोण, स्कूटर?"

"बायको!"

लेथवाल्याने मान हलवली. बायकोबाबत तो वाद घालत नसे, त्याला स्वतःची होती. आधी त्याने स्वस्तातला उपाय सांगितला. मागच्या चाकाला जोर पोहोचवणाऱ्या पट्ट्याच्या पुलीत गोल रोलर असतात, ते हलके बसव. इंजिन जास्त फिरेल, ओढ वाढेल. सुईमास्तरने ते आपल्या कपाटातच बसवले, बाहेर फूटपाथवर पेपर पसरून. फरक पडला. बंद पडण्याची जागा माझ्या वळणापासून शंभर पावलं वर सरकली. म्हणजे मला दिसेनाशी झाली, एवढंच.

त्या आठवड्यात वही टेबलावर पडली ती एकदा पाच मिनिटं आधी, एकदा दोन मिनिटं आधी, आणि एकदा घड्याळाचा काटा दोनवर टेकत असताना. तिसऱ्या वेळी वर पोहोचून सुईमास्तर स्वतःच जिन्यात बसला आणि छाती चोळू लागला. मोठ्या सिस्टरने विचारलं, "तुम्हालाही नाव नोंदवायचंय का?" तो म्हणाला, "यादीत दहावा लावा." बाई पलंगावरून ओरडल्या, "असलं बोलू नका!" आणि मग त्यांना इतका खोकला आला की मशीन थांबवावं लागलं.

मग मोठं काम निघालं. मोठा सिलिंडर, मोठा पिस्टन, कार्बोरेटरला जास्त पेट्रोल सोडणारं मोठं जेट. कागदावर स्कूटर साठ सीसीचीच, पण पोटातून सत्तरच्या वर. जुन्या बाजारातून सिलिंडर आला, थोडा लहानच होता, तो पिस्टनच्या मापाने बोअर करायचा होता. लेथवाला म्हणाला, "पिस्टन आणि सिलिंडरच्या मध्ये सहा शतांश फट ठेवतो."

"किती?"

"सहा शतांश मिलिमीटर!"

सुईमास्तरच्या कपाळाला आठी पडली. "एवढी? मग ते खडखडेल."

"खडखडू दे की! कानाला चढ चढायचाय का तुझ्या?"

"ओढ निघून जाईल फटीतून. दोन ठेव."

"दोन?" लेथवाल्याने लेथ बंद केला. असं तो वर्षातून एकदा करतो, म्हणून तिन्ही दुकानं उठून उभी राहिली. "अरे बाबा, तुझं शिवणाचं मशीन गार असतं. याच्या पोटात आग आहे. तापलं की लोखंड फुगतं, पिस्टन त्याहून जास्त फुगतो. त्याला फुगायला जागा नको?"

"तीस वर्षं मी फटी घालवतोय," सुईमास्तर म्हणाला. "फटीनेच मशिनं मरतात."

"हे फटीवर जगतं!"

"दोन."

"तर मग लिहून दे."

त्याने लिहून दिलं. शिवणाच्या मशिनाच्या पावतीमागे: *माझ्या सांगण्यावरून दोन शतांश.* खाली सही. तो चिठोरा लेथवाल्याने भिंतीला खिळ्यावर लावला, तो अजून तिथे आहे. मी जाऊन पाहून आलो.

त्याला मूर्ख म्हणू नका. तुमचा हात तीस वर्षं ज्या एका गोष्टीवर विश्वासला, तीच गोष्ट ऐन गरजेच्या वेळी सोडून द्या, असं एक बहिरा माणूस ओरडून सांगतो. तुम्ही ऐकाल? आणि रविवारी सकाळी त्याने सपाट रस्त्यावर ती फिरवून पाहिली तेव्हा ती चालली कशी! आवाज नाही, खडखड नाही, बाजारभर रेशीम सरकावं तशी गेली. लेथवाल्याने सांगितलं होतं, आठवडाभर रिकामी हळूहळू चालव, अंग बसू दे. आठवडा कुठून आणायचा? सोमवारी दोनची पाळी होती.

सोमवारी मी खिडकीत होतो. एक वाजून चाळीस मिनिटांनी खालून आवाज आला, आणि तो थांबला नाही, अडखळला नाही, चढतच राहिला. मी आमच्या हिला हाक मारली, "अगं ये, बघ, सुईमास्तर उडतोय!" निळी स्कूटर वळणाच्या खालच्या टोकाला दिसली. दोघंही तिच्यावर. कुणी ढकलत नव्हतं. बाईंनी एका हाताने त्याचा खांदा धरला होता आणि कित्येक महिन्यांनी मला त्यांचा क्लासातला आवाज ऐकू आला, "अहो, सावकाश! सावकाश!" आणि त्या हसत होत्या. रस्त्यावर असताना बाईंना हसताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

बरोबर माझ्या खिडकीसमोर मागचं चाक जागच्या जागी गच्च झालं.

किंचाळल्यासारखा आवाज, रस्त्यावर टायरचा काळा पट्टा, आणि स्कूटर तिरकी होऊन कठड्याला टेकली. पडली नाही. बाई घसरून कठड्यावरच बसल्या. धूर नाही, काही नाही. जळक्या तेलाचा वास, आणि अशी शांतता की टाकीतलं पाणी ऐकू यावं. सुईमास्तरने किक मारली. पाय खालीच जाईना. त्याला कळलं. त्याचं तोंड मी पाहत होतो ना; लेथवाल्याचं वाक्य त्याच्या कपाळावर वाचता येत होतं. पिस्टन फुगला होता आणि त्याला जागा नव्हती.

आमची ही पायात चपला न घालताच खाली धावली, पाण्याचा तांब्या घेऊन. मी खिडकीतच राहिलो. माझा गुडघा दुखतो.

"घ्या बाई, पाणी घ्या."

"पाणी नको हो," बाई धापा टाकत म्हणाल्या. "पाण्यानेच तर जड झालेय."

तेवढ्यात सुईमास्तरने आमच्या हिच्या हातातून तांब्या ओढला आणि सिलिंडरवर ओतायला गेला.

"थांबा!" बाई ओरडल्या. "गरम लोखंडावर गार पाणी? तडकेल ते! तसंच राहू द्या. निवल्यावर सुटेल."

"निवायला वेळ कुठाय?"

"किती वाजले?"

"पावणेदोन."

तो इंजिनासमोर गुडघे टेकून बसला आणि फुंकर घालू लागला. खोटं सांगत नाही. गरम दुधावर घालतात तशी. मग शर्ट काढून त्याने वारा घातला. आमची ही वाटेवरचा पुठ्ठा उचलून वारा घालू लागली. मधूनमधून तो सिलिंडरला हात लावायचा आणि हात झटकायचा. बोटं लाल झाली, तरी पुन्हा लावायचा. बाई कठड्यावर पुढे वाकून बसल्या होत्या, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि प्रत्येक श्वासाला त्यांच्या छातीत काहीतरी बुडबुडत होतं. मला वरपर्यंत ऐकू येत होतं.

"माझ्यामुळे," तो म्हणाला. "त्याने सांगितलं होतं मला. सहा सांगितली होती त्याने."

"काय सहा?"

"फट."

"आता ते राहू द्या. किक मारून बघा."

एक वाजून त्रेपन्न मिनिटांनी किक खाली गेली. तिसऱ्या किकला इंजिन सुरू झालं; खडखडत, आतून ओरखडलेलं, त्याने आयुष्यभर ज्या आवाजाचा राग केला तोच आवाज काढत. दोघांनी बाईंना धरून बसवलं, म्हणजे आमच्या हिने आणि त्याने. मूठ पिळली. स्कूटर थरथरली आणि जागची हलली नाही. त्याने पाय लावले, रेटलं, दोन पावलं जाऊन पुन्हा थांबली. इंजिन बंद पडू लागलं, तशा बाई स्वतःच खाली उतरल्या. कुणी धरायच्या आत. उतरल्या आणि कठडा धरून उभ्या राहिल्या.

"तुम्ही जा."

"कुठे?"

"वर. वही घेऊन. एकट्याला ओढेल ती."

"आणि तुला इथे सोडून?"

"मी काय पळून जातेय? अहो, पाच मिनिटं राहिलीत! मशीन जाईल माझं!"

तो नुसता उभा. हातात हँडल, अंगात शर्ट नाही, आणि डोळ्यांतून पाणी वाहतंय हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसावं. "नाही," तो म्हणाला. "नाही, मी तुला उचलून नेतो."

"तुम्ही? स्वतःला उचला आधी!" अशातही त्यांना हे सुचलं. पर्स उघडायला गेल्या तर बोटं सुजलेली, चेन सरकेना. "तुम्हीच काढा. लवकर."

त्याने पर्समध्ये हात घातला, काढायचं ते काढलं, दातात धरलं आणि स्कूटरवर बसला. बाईंनी त्याच्या उघड्या पाठीवर हात ठेवून ढकलल्यासारखं केलं आणि काहीतरी म्हणाल्या. ते खिडकीपर्यंत आलं नाही. तो गेला. वळणावरून दिसेनासा होईपर्यंत त्याने मान वळवली नाही, आणि मी, आयुष्यभर आकडे वाचलेला माणूस, ते नीट वाचून ठेवलं.

पुढचं सांगतो. दोन वाजून सात मिनिटांनी तो उताराने धावत आला, केंद्रातली चाकांची खुर्ची पुढे ढकलत. खुर्ची त्याला ओढत होती की तो खुर्चीला, सांगता येणार नाही. बाईंना बसवलं. मग उरलेला चढ त्याने आणि आमच्या हिने खुर्ची रेटत नेली, ती अनवाणी, तो उघडा. उरलेला चढ पाचशे मीटर. मी मोजला नव्हता तोपर्यंत. नंतर एकदा चालत जाऊन मोजला. गुडघ्याला काही झालं नाही.

चार वाजता मी दाढीला गेलो. सलूनमध्ये विषय निघाला नव्हता, तो मी काढला. जे पाहिलं तेच सांगितलं: बसवलं, पर्समधून काढलं, गेला, वळून पाहिलं नाही. एक शब्द खोटा नव्हता. इंजिनाबद्दलचं ते एक वाक्य मात्र चव यावी म्हणून जोडलं. आमची ही संध्याकाळी परत आली आणि तिने मला सगळं सांगितलं. तेव्हा मी पुन्हा सलूनमध्ये जाऊन सांगू शकलो असतो. दाढी झालेली होती.

पुढच्या खेपेला ते डोंगराच्या वळशाने गेले, बादली बरोबर घेऊन. तेवढ्या दिवसांत लेथवाल्याने त्याला तो सिलिंडर पुन्हा घासून दिला, एका शब्दाने टोमणा न मारता, आणि त्याच्यापुरता तो चमत्कारच. नवा पिस्टन, सहा शतांश फट. त्यानंतर ती स्कूटर माझ्या खिडकीखालून खडखडत वर जायची, दोघांना घेऊन, न थांबता. सुईमास्तरच्या कपाळाला आठी पडलेली असायची. पायथ्यापासून केंद्रापर्यंत आठ मिनिटं. असं अकरा महिने चाललं. मग बाई गेल्या.

परवा किराणावाल्याकडे दोन तरुण बायका बोलत होत्या. सुईमास्तर समोरून गेला, एकटाच, मागच्या सीटवर दोरीने बांधलेलं मशिनाचं डोकं. एक दुसरीला म्हणाली, "हाच तो, आजारी बायकोला रस्त्यात टाकून गेलेला." मी हरभरे निवडत उभा होतो. म्हणून हे लिहिलं.

पर्समधून त्याने काढली ती उपचाराची वही होती. ती एक वाजून एकोणसाठ मिनिटांनी टेबलावर पडली. बाई दोन वाजून तेवीस मिनिटांनी पोहोचल्या आणि त्यांना त्या दिवशी साडेतीन तास मशीन मिळालं. पाठीवर हात ठेवून त्या म्हणाल्या होत्या, "मागे वळून पाहू नका, तोल जातो तुमचा." म्हणून त्याने पाहिलं नाही.